१९४३ : युद्धाचे वर्ष, संगीताचे वर्ष

इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत १९४३ हे साल स्टालिनग्राडसाठी आणि मुसोलिनीच्या पाडावासाठी नोंदलेले असते. आपल्या देशात ते बंगालच्या दुष्काळाचे साल म्हणून लक्षात राहिले. त्याच साली इंग्लंडमध्ये संगीताला जो बहर आला, तो शांततेच्या कित्येक वर्षांनाही लाभला नव्हता. त्याची आठवण आम्ही येथे काढतो ती केवळ कौतुकापोटी नव्हे. त्या वर्षीचे संगीत आणि त्या वर्षीचा सदसद्विवेकाचा प्रश्न ही एकमेकांत गुंतलेली आहेत.

लंडनचे क्वीन्स हॉल हे नामांकित संगीतगृह मे १९४१ मध्ये बॉम्बहल्ल्यात जळून गेले होते. उन्हाळ्यातील ‘प्रॉम्स’ मैफली तेव्हापासून रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये हलल्या. नॅशनल गॅलरीतील चित्रे सुरक्षिततेसाठी बाहेर नेली होती. त्या रिकाम्या दालनांत पियानोवादक मायरा हेस यांनी १९३९ पासून दुपारच्या मैफली सुरू केल्या. प्रवेशमूल्य एक शिलिंग. तेथे बाख आणि बेथोव्हेन सर्रास वाजत. जर्मनीशी लढणाऱ्या राष्ट्राने जर्मन संगीताला शत्रू मानले नाही, ही गोष्ट आम्हांस विशेष वाटते.

२१ जून १९४३ रोजी सरे परगण्यातील ऑक्स्टेड येथील न्यायालयात मायकल टिपेट नावाचे ३८ वर्षांचे संगीतकार आरोपी म्हणून उभे राहिले. कामकरी स्त्रीपुरुषांसाठी चालणाऱ्या लंडनच्या मॉर्ली कॉलेजात ते संगीतप्रमुख होते. शस्त्र हाती धरण्यास त्यांनी नकार दिला होता. तेवढ्यावर कायदा त्यांना माफ करीत होता. इंग्लंडच्या कायद्याची ती उदारताच म्हटली पाहिजे. अट एवढीच होती, की त्यांनी नागरी संरक्षण, अग्निशमन किंवा शेती यांपैकी काही काम पूर्णवेळ करावे. टिपेट यांनी तेही नाकारले. संगीत हीच आपली सेवा, असे त्यांचे म्हणणे होते. यात हट्ट किती आणि निष्ठा किती, याविषयी वाचकांत दुमत होईल, आमच्यातही आहे. शेजारची घरे जळत असताना बादली उचलण्यास नकार देणे सहजी पटत नाही.

त्यांच्या बाजूने साक्ष दिली ती राल्फ व्हॉन विल्यम्स यांनी. सत्तरी ओलांडलेले हे ज्येष्ठ संगीतकार शांततावादी मुळीच नव्हते. पहिल्या महायुद्धात चाळिशी उलटल्यावर ते स्वेच्छेने सैन्यात दाखल झाले होते आणि त्यांनी जखमींच्या डोल्या वाहिल्या होत्या. टिपेट यांची मते आपणांस पूर्णपणे चुकीची वाटतात, तरी हा माणूस प्रामाणिक आहे आणि त्याचे संगीत राष्ट्राचे धन आहे, अशा आशयाचे त्यांनी सांगितले. न्यायालयाने तीन महिन्यांची कैद ठोठावली. विरोधी मताच्या माणसासाठी असे उभे राहणारे किती निघतात?

तीनच दिवसांनी, २४ जून रोजी, त्याच व्हॉन विल्यम्स यांनी अल्बर्ट हॉलमध्ये आपल्या पाचव्या सिम्फनीच्या पहिल्या प्रयोगाचे स्वतः संचालन केले. त्यांची चौथी सिम्फनी कर्कश, संतप्त होती. युद्धकाळात त्याहून उग्र काही ऐकावयास मिळेल असे श्रोत्यांस वाटले असल्यास नवल नाही. प्रत्यक्षात त्यांच्यापुढे एक विलक्षण शांत रचना आली. तिच्यातील पुष्कळसे सूर जॉन बन्यनच्या ‘यात्रेकरूचा प्रवास’ या ग्रंथावर आधारलेल्या, तोवर अपुऱ्या राहिलेल्या संगीतिकेतून घेतलेले होते. स्वतः अज्ञेयवादी असलेल्या माणसाच्या लेखणीतून हे प्रार्थनामय संगीत उतरावे, याचा उलगडा करण्याच्या फंदात आम्ही पडत नाही.

टिपेट यांना वर्मवुड स्क्रब्ज तुरुंगात ठेवले होते. तेथे ते कैद्यांच्या छोट्या वाद्यवृंदाचे संचालन करीत. जुलैमध्ये बेंजामिन ब्रिटन आणि गायक पीटर पिअर्स यांनी तुरुंगात कैद्यांसाठी मैफल केली, तेव्हा ब्रिटनच्या शेजारी बसून स्वरलिपीची पाने उलटण्यास कैदी टिपेट हजर होते! ब्रिटन आणि पिअर्स हेही युद्धविरोधीच. परंतु त्यांना सैनिकी सेवेतून सूट मिळाली होती आणि ते गावोगावी मैफली करीत. ऑगस्टमध्ये टिपेट सुटले.

ब्रिटनसाठी हे वर्ष भरभराटीचे होते. सप्टेंबरमध्ये नॉर्थॅम्प्टनच्या सेंट मॅथ्यूज या अँग्लिकन चर्चच्या सुवर्णमहोत्सवात त्यांची ‘रिजॉइस इन द लॅम्ब’ ही रचना गायिली गेली. तिचे शब्द क्रिस्टोफर स्मार्ट या अठराव्या शतकातील कवीचे, वेड्यांच्या इस्पितळात लिहिलेले. तीत कवीचे मांजरसुद्धा देवाची स्तुती करते. ऑक्टोबरमध्ये विगमोर हॉलमध्ये टेनर, हॉर्न आणि तंतुवाद्यांसाठी रचलेली ‘सेरेनेड’ सादर झाली. हॉर्न वाजविणारे डेनिस ब्रेन वायुदलाच्या बँडमधील तरुण, तर संचालक वॉल्टर गोर हे जर्मनीतून परागंदा झालेले ज्यू.

आणखी एका माणसाचा उल्लेख राहिला. इटालियन पिता आणि फ्रेंच माता यांच्या पोटी लंडनला जन्मलेले कॅथॉलिक संगीतसंचालक जॉन बार्बिरोली न्यूयॉर्कचे मानाचे पद भोगून त्याच वर्षी मँचेस्टरला परतले. तेथील हॅले वाद्यवृंदात निम्मेही वादक उरले नव्हते. त्यांनी काही आठवड्यांत वादक पारखून घेतले आणि जुलैमध्ये मैफली सुरूही केल्या.

टिपेट यांची ‘ए चाइल्ड ऑफ अवर टाइम’ ही ज्यूंच्या छळावरील मोठी रचना १९४१ पासून पडून होती. ती अखेर १९ मार्च १९४४ रोजी लंडनच्या अडेल्फी नाट्यगृहात गोर यांच्या संचालनाखाली ऐकावयास मिळाली. ती गाण्यास दोन गायकवृंद उभे होते. एक त्यांच्या मॉर्ली कॉलेजचा आणि दुसरा लंडन विभागाच्या नागरी संरक्षण दलाचा.