तळ्यातील मासा आणि त्याचा आहार

कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात मत्स्यविनोदाचे एक प्रकरण असून, गळ टाकण्यापूर्वी माशांना काय खाऊ घालावे याचा बारकाईने विचार केलेला आहे. कोणत्या जातीला पिठाचे गोळे रुचतात, कोणत्या जातीला मांसाचे, हे राजाला ठाऊक होते. त्याचे कुतूहल शिकारीपुरते होते. आज ताटात तळ्याचा मासा घेणाऱ्याने तोच प्रश्न आपल्या प्रकृतीसाठी विचारावयास हवा.

तळ्यातील मत्स्यशेती आपल्याकडे फोफावली ती १९५७ नंतर. रोहू, कटला, मृगळ हे मासे साचलेल्या पाण्यात अंडी घालीत नाहीत. म्हणून त्यांचे बीज पुराच्या दिवसांत नद्यांतून गोळा करावे लागे. त्यात मांसाहारी माशांची पिलेही येत आणि तळ्यात इतरांचा फडशा पाडीत. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधुरी व डॉ. के. एच. अलिकुन्ही यांच्या प्रयत्नांना यश आले. मेंदूखालच्या एका ग्रंथीचा अर्क टोचून त्यांनी या कुळातील माशांकडून तळ्यातच बीज मिळविले. तेव्हापासून निर्भेळ बोटुकली मिळण्याची वाट मोकळी झाली. कटला पाण्याच्या वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. सूक्ष्म जीव, पेंड आणि भाताचा कोंडा यांवर तिघेही एकत्र वाढतात.

अशा रोहूच्या १०० ग्रॅम मांसात सुमारे १७ ग्रॅम प्रथिने असतात. बांगडा किंवा तारली यांची चरबी मात्र त्यात नसते. समुद्रकाठचा माणूस या माशाला नाक मुरडतो ते चिखलाच्या वासामुळे. हा वास पाण्यातील नील-हरित शेवाळापासून येतो, अपायकारक नसतो, आणि विक्रीपूर्वी मासा काही दिवस स्वच्छ पाण्यात ठेवल्यास जातो.

खरा अपाय वेगळाच, आणि त्याला बहुधा वासही नसतो. माशांवरील बुरशी घालविण्यासाठी वापरले जाणारे मॅलाकाइट ग्रीन हे रंगद्रव्य मांसात टिकून राहते, म्हणून खाण्याच्या माशांसाठी ते निषिद्ध ठरले आहे. आफ्रिकी मागुराची कथा तर अधिक उद्बोधक आहे. हा मासा हवेतूनही श्वास घेतो. त्यामुळे घाणीतही जगतो, आणि कत्तलखान्यातील टाकाऊ मांसावर झपाट्याने पोसला जातो. तळ्यातून निसटला तर नदीतील देशी मासे खाऊन टाकतो. केंद्र सरकारने २००० साली त्याच्या पालनावर बंदी घातली. पुढे हरित लवादाच्या आदेशावरून महाराष्ट्रातही त्याचे साठे नष्ट करण्यात आले. तरीही तो देशी मागुराचे नाव घेऊन बाजारात येतो. दोघांनाही खवले नाहीत, दोघांनाही मिशा आहेत. टोपलीत पाहून त्यांतला फरक ओळखणे गिऱ्हाइकाला सोपे नसते.