काळाचौकीचे तळे आणि तांब्याचा ठोकळा

गिरणगावाच्या इतिहासात भोंगा येतो, चाळ येते, संप येतो. पाणी मात्र क्वचितच येते. ताडदेवला १८५६ मध्ये कावसजी नानाभाई दावर यांची सूतगिरणी सुरू झाली, ती वाफेवर. दट्ट्या ढकलला की वाफेचे काम संपत नसे. तिला थंड करून पुन्हा पाणी केले, तर मागे निर्वात पोकळी तयार होते आणि तेवढ्याच कोळशात इंजिन जास्त ओढते. ही युक्ती कंडेन्सरची. जेम्स वॉटने तिचे पेटंट १७६९ मध्ये घेतले. पण कंडेन्सरला थंड पाणी अखंड लागते. म्हणून गिरण्यांच्या आवारात तळी आली. तापलेले पाणी तळ्यात सोडायचे, निवले की पुन्हा ओढायचे.

१९१५ मध्ये खोपोलीची वीज मुंबईत आली आणि वाफेची इंजिने हळूहळू मोडीत निघाली. तळी बुजली, वर टॉवर उभे राहिले. काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलमधले तळे मात्र राहिले.

मला हे सारे सुचले ते लालबागच्या खोलीत. मे महिन्यात माझा संगणक तापून बंद पडू लागला, तेव्हा पाण्याने थंड करणारा ठोकळा घरीच करायचे ठरवले. हिशेब सोपा होता. दीडशे वॅटचा प्रोसेसर असेल आणि मिनिटाला एक लिटर पाणी फिरत असेल, तर ते पाणी जेमतेम दोन अंशांनी तापते. पायधुणीजवळच्या तांबाकाट्यावरून जाड पत्रा आणला, करवतीने त्यात खाचा पाडल्या, तळ काचेवर पॉलिश पेपर ठेवून घासला. वर अॅक्रिलिकचे झाकण, मध्ये रबरी रिंग, कूलरचा छोटा पंप. रेडिएटर अॅल्युमिनियमचा घेणार होतो.

शेजारचे काका बॉयलरखात्यात फिटर होते. १९८२ च्या संपानंतर त्यांच्या हाताला ते काम पुन्हा मिळाले नाही. ठोकळा उलटसुलट करून ते म्हणाले, “अरे, हा कंडेन्सरचाच भाऊ. तांब्याच्या पाण्यात अॅल्युमिनियम घालू नकोस, खाऊन टाकेल. आणि नळाचं पाणी नको. खार चढला की उष्णता धातूतच अडते.”

दोन्ही गोष्टी बरोबर होत्या. मी पुस्तकांतून शोधत होतो ते शास्त्र भिंतीपलीकडेच चाळीस वर्षे बिनकामाचे बसून होते!

एका बाबतीत मात्र गिरणीचे तळे माझ्या यंत्राहून सरस. त्याचे पाणी बाष्पीभवनानेही निवते. माझ्या रेडिएटरला ती सोय नाही. पंखा कितीही फिरवा, पाणी खोलीच्या हवेपेक्षा थंड होत नाही. मुंबईच्या मे महिन्यात ती हवा तरी कुठे थंड असते?

रेडिएटर तांब्याचाच बसवला. संगणकाला जोडण्याआधी खाली वर्तमानपत्र पसरून चोवीस तास पंप चालू ठेवला. काका रात्री दोनदा येऊन कागद चाचपून गेले.