इंडी रॉक आणि विनाइलची तबकडी

मोठ्या ध्वनिमुद्रिका कंपनीच्या आश्रयाविना, स्वखर्चाने वा छोट्या प्रकाशकाच्या साह्याने आपली गाणी ध्वनिमुद्रित करणाऱ्या रॉक वाद्यवृंदांना 'इंडी', म्हणजेच स्वतंत्र, असे म्हटले जाते. इंटरनेटवर गाणे क्षणात मिळत असतानाही यांतील अनेक वाद्यवृंद नवा अल्बम विनाइलच्या तबकडीवर काढतात. अमेरिकेत २०२२ साली सीडींपेक्षा अधिक तबकड्या विकल्या गेल्या. १९८७ नंतर असे प्रथमच घडले.

लाखेकडून विनाइलकडे

मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्यांत लाख हा प्रमुख घटक असे आणि ती मोठ्या प्रमाणावर भारतातून निर्यात होई. १९४८ साली अमेरिकेतील कोलंबिया कंपनीने ३३⅓ फेऱ्यांची विनाइलची एलपी बाजारात आणली. एका बाजूस सुमारे वीस-बावीस मिनिटांचे संगीत मावू लागले आणि सलग ऐकण्याचा अल्बम रुजला.

निर्मितीची रीत

प्रथम लॅकरचा थर दिलेल्या अॅल्युमिनियमच्या चकतीवर संगीताच्या खाचा कोरल्या जातात. विद्युत्विलेपनाने तिच्यावरून निकेलचे साचे घडवतात. दोन साच्यांमध्ये तापवलेले विनाइल दाबले की तबकडी तयार होते. एका बाजूस फार वेळाचे संगीत बसवल्यास खाचा अरुंद होऊन आवाज क्षीण होतो. शिवाय, तबकडीच्या मध्याकडे सुईखालून खाच सरकण्याचा वेग घटतो व आवाजाची स्पष्टता कमी होते. त्यामुळे दणदणीत गाणी आरंभी आणि शांत गाणी अखेरीस ठेवणे सोयीचे ठरते.

मुंबईचे पूर्वसुरी

रॉक वाद्यवृंदांच्या तबकड्या महाराष्ट्राला नव्या नाहीत. सिमला या सिगारेटच्या नावाने भरणाऱ्या 'सिमला बीट' स्पर्धेतील वाद्यवृंदांची गाणी १९७० व १९७१ साली एलपीवर आली. कीथ कांगा यांच्या मुंबईतील 'अॅटॉमिक फॉरेस्ट'चा 'ऑब्सेशन ७७' हा अल्बम १९८१ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा वाद्यवृंदाचा बहराचा काळ सरला होता. मात्र जुन्या प्रती जगभरच्या संग्राहकांनी जपल्या आणि अमेरिकेतील 'नाऊ-अगेन' या प्रकाशकाने २०११ साली तो पुन्हा काढला. पुढे 'इंडस क्रीड' या नावाने गाजलेल्या 'रॉक मशीन'चा पहिला अल्बम १९८८ साली आला. मात्र तोवर कॅसेटने बाजार व्यापला होता आणि कालांतराने देशातील तबकड्यांचे उत्पादन थांबले.

खर्चाचे गणित

तबकडीचा मोठा खर्च कोरणी व साचे यांचा असतो. प्रती शंभर काढा वा हजार, तो टळत नाही. म्हणून थोड्या प्रतींची तबकडी महाग पडते. उत्पादन परदेशी असताना त्यात वाहतूक व आयातशुल्काची भर पडे. २०२४ साली 'समन्वी डिजिमीडिया' या कंपनीने मुंबई परिसरात तबकड्यांचे उत्पादन सुरू केल्याने ही अडचण कमी झाली. वसईजवळच्या भुईगावात एखाद्या तरुण वाद्यवृंदाने असा बेत आखल्यास त्याला परदेशी कारखान्याचे दार ठोठावण्याची गरज उरलेली नाही. मात्र आगाऊ मागणी नोंदवून मगच प्रतींची संख्या ठरवणे त्याच्या हिताचे ठरेल. न खपलेल्या तबकड्यांचे गठ्ठे घरात पडून राहिले, तर पुढच्या अल्बमचे भांडवलच त्यांत अडकते.