मोटारवाहने, अहमदनगर (अहिल्यानगर) जिल्ह्यातील

क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील सर्वांत मोठ्या असलेल्या या जिल्ह्यात (१७,०४८ चौ.किमी.; २०२४ मध्ये ‘अहिल्यानगर’ असे नामांतर) मोटारवाहनांचा प्रसार विसाव्या शतकात झाला. मुंबईसारख्या महानगरातील मोटारीचा इतिहास हा प्रारंभी मुख्यत्वे श्रीमंतांच्या खाजगी गाड्यांचा इतिहास आहे. अहमदनगर जिल्ह्यातील बहुसंख्य लोकांचा मोटारीशी संबंध मात्र निराळ्या क्रमाने आला : प्रथम प्रवासी म्हणून, पुढे चालक म्हणून आणि सर्वांत शेवटी मालक म्हणून. दुष्काळ, कालव्यांचे पाणी, लष्कराची छावणी आणि स्थानिक उद्योजकता या चार गोष्टींनी हा क्रम ठरविला.

पूर्वस्थिती : जिल्ह्याचा बराचसा भाग पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडतो. पश्चिमेकडील अकोले तालुक्याचा सह्याद्रीलगतचा भाग भरपूर पावसाचा आहे. तर पाथर्डी, जामखेड, कर्जत, श्रीगोंदे व पारनेर हे तालुके वारंवार अवर्षणाने गांजलेले आहेत. १८७६–७७, १८९६–९७ व १८९९–१९०० या वर्षांच्या दुष्काळांत दख्खनमधील जिल्ह्यांत सरकारने जी दुष्काळी कामे काढली, त्यांत खडी फोडणे व रस्ते बांधणे ही प्रमुख होती. ज्या हातांनी ही खडी फोडली, त्यांना त्या रस्त्यावर स्वतःचे वाहन चालविण्याची संधी पुढे दोन-तीन पिढ्या मिळाली नाही. दौंड–मनमाड लोहमार्ग १८७८ मध्ये सुरू झाल्यावर अहमदनगर, राहुरी, बेलापूर, कोपरगाव ही ठाणी रेल्वेने जोडली गेली. लोहमार्गापासून दूर असलेल्या गावांना मात्र बैलगाडी, छकडा, टांगा व घोडा यांवरच अवलंबून राहावे लागे. बाजाराच्या गावी जाऊन त्याच दिवशी परत येणे अनेकांना शक्य नसे.

प्रारंभीच्या मोटारी : मुंबईत १८९८ च्या सुमारास मोटारगाड्या आल्या. वाहनाची नोंदणी व चालकाचा परवाना यांविषयीचा अखिल भारतीय कायदा १९१४ मध्ये झाला. जिल्ह्याच्या गावी मोटार बाळगणे या काळात केवळ वरिष्ठ सरकारी व लष्करी अधिकारी, धनिक व्यापारी आणि नामांकित वकील-डॉक्टर यांनाच परवडण्यासारखे होते. अमेरिकन फोर्ड कंपनीच्या ‘मॉडेल टी’ या गाडीची (१९०८–२७) जमिनीपासूनची उंची बरीच असल्यामुळे ती भारतातील कच्च्या रस्त्यांना सोयीची ठरली. १९२८ मध्ये जनरल मोटर्स कंपनीने मुंबईत जुळणीचा कारखाना काढला. त्यानंतर शेव्हरोलेट बनावटीच्या गाड्या व मालमोटारींचे सांगाडे पश्चिम भारतात अधिक सुलभतेने मिळू लागले.

याच सांगाड्यांवर लाकडी टप बसवून खाजगी ‘सर्व्हिस मोटारी’ सुरू झाल्या. सामान्य माणसाने मोटारीत प्रथम पाऊल ठेवले ते बहुधा अशा सर्व्हिस मोटारीतच. तिला ठरलेली वेळ नसे. माणसे भरली की ती सुटे. समोरचा हँडल फिरवून एंजिन सुरू करावे लागे. औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) रस्त्यावरील इमामपूर घाट, पाथर्डी रस्त्यावरील करंजी घाट व पुणे–नासिक रस्त्यावरील चंदनापुरी घाट चढताना एंजिन तापल्यास गाडी थांबवून पाणी ओतण्यावाचून गत्यंतर नसे. क्षमतेहून अधिक उतारू घेणे, आपसांतील चढाओढीमुळे दर पाडणे किंवा गर्दी पाहून ते वाढविणे, असे प्रकार मुंबई इलाख्यात सर्वत्र चालत. १९३९ च्या मोटारवाहन कायद्याने मार्गपरवान्याची पद्धत आणून त्यांस काहीसा आळा घातला. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचे नियंत्रण झाल्यावर अनेक गाड्यांना मागील बाजूस भट्टी बसवून त्या कोळशाच्या वायूवर चालविण्यात आल्या.

एसटीचा प्रारंभ : मुंबई राज्याने प्रवासी वाहतूक स्वतःच्या हाती घेण्याचे ठरविल्यावर राज्य परिवहनाची पहिली बस १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर या सु. १२० किमी. मार्गावर धावली. ती बेडफर्ड बनावटीची, लाकडी बांधणीची व तीस आसनांची होती. तिचे चालक किसन राऊत व वाहक लक्ष्मण केवटे हे होते. महाराष्ट्र राज्याच्या निर्मितीनंतर या सेवेचे रूपांतर महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळात झाले आणि ‘एसटी’ हे आद्याक्षरी नाव मराठीत रूढ झाले.

ठरलेली वेळ, ठरलेले भाडे व तिकीट देणारा वाहक या तीन गोष्टी आज सामान्य वाटतात. तथापि त्यांच्यामुळे ग्रामीण माणसाला प्रवासाचा हिशेब आधीच मांडता येऊ लागला. विशेष महत्त्वाची ठरली ती ‘मुक्कामाची गाडी’. संध्याकाळी गावात येऊन रात्री तेथेच थांबणारी व पहाटे तालुक्याकडे निघणारी ही बस वृत्तपत्रे, टपाल, औषधे आणि तालुक्याच्या गावी शिकणाऱ्या मुलांचे जेवणाचे डबे यांचीही वाहतूक करी. सवलतीच्या पासावर शाळा-महाविद्यालयांत जाणाऱ्या ग्रामीण मुलींच्या शिक्षणास या गाडीचा मोठा आधार मिळाला. राष्ट्रीयीकरणामुळे अनेक खाजगी मोटारमालकांचा व्यवसाय संपुष्टात आला, ही या बदलाची दुसरी बाजू होय.

लष्कर व वाहनविद्या : अहमदनगर हे जुने लष्करी ठाणे असून दोन महायुद्धांच्या दरम्यान तेथे चिलखती गाड्यांचे प्रशिक्षण दिले जाई. स्वातंत्र्यानंतर चिलखती दलाचे केंद्र व प्रशिक्षण विद्यालय येथे स्थिरावले. १९९४ मध्ये उघडलेल्या येथील रणगाडा संग्रहालयात अनेक देशांचे रणगाडे मांडले असून ‘सिल्व्हर घोस्ट’ या प्रसिद्ध रोल्स-रॉइस मोटारीच्या सांगाड्यावर बांधलेली चिलखती गाडीही आहे. राजेरजवाड्यांच्या ऐश्वर्याचे प्रतीक मानली गेलेली ही मोटार या जिल्ह्यात पाहावयास मिळते, ती अशा युद्धसाधनाच्या रूपात. संरक्षण संशोधन व विकास संघटनेची वाहन संशोधन व विकास संस्थाही अहमदनगरजवळ असून तिच्या चाचणीमार्गांवर लष्करी वाहनांबरोबर नागरी वापराच्या वाहनांचीही कायद्याने आवश्यक असलेली तपासणी होते.

लष्करामुळे वाहनविद्या ग्रामीण भागात उतरली. कोरडवाहू तालुक्यांतून सैन्यात गेलेल्या तरुणांपैकी अनेकांनी तेथे जड वाहने चालविण्याचे व दुरुस्त करण्याचे शिक्षण घेतले. पारनेर तालुक्यातील राळेगण सिद्धीचे अण्णा हजारे हेही सैन्यात वाहनचालक होते. घरी सायकलही नसलेल्या कुटुंबातील मुलगा ट्रकचे चाक हाती घेऊ शकला, तो प्रथम सरकारी गाडीवर. महायुद्धानंतर लष्कराने लिलावात काढलेल्या जीपगाड्या खाजगी व्यक्तींच्या हाती आल्या आणि पुढे महिंद्र कंपनीने विलिस जीपची जुळणी भारतात सुरू केल्यावर हे वाहन ग्रामीण महाराष्ट्रात सर्वपरिचित झाले.

पाणी व वाहनमालकी : जिल्ह्यात खाजगी वाहने कोठे वाढली, हे मुख्यतः पाण्याने ठरविले. प्रवरा नदीवरील भंडारदरा धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले. कालव्याच्या पाण्यावर ऊस उभा राहिला व साखर कारखाने निघाले. विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने व अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाखाली लोणी येथे उभारलेला प्रवरा सहकारी साखर कारखाना १९५०–५१ पासून गाळप करू लागला. श्रीरामपूर, राहुरी, राहाता, कोपरगाव व संगमनेर या बागायती पट्ट्यात उसाच्या पैशातून प्रथम ट्रॅक्टर व मालमोटार, मग जीप व मोटारसायकल आणि त्यानंतर मोटारगाडी, अशा क्रमाने वाहने येत गेली. हिंदुस्थान मोटर्सची ॲम्बॅसडर (१९५७–२०१४) ही सरकारी अधिकारी व संस्थांचे पदाधिकारी यांची, तर वालचंद हिराचंद यांनी स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची फियाट ही डॉक्टर व व्यापारी यांची गाडी, असा एक संकेतच महाराष्ट्रात रूढ झाला होता. औद्योगिक परवानापद्धतीमुळे गाड्यांचे उत्पादन मर्यादित राहिले. परिणामतः पैसे असूनही मोटारीसाठी व स्कूटरसाठी वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे.

दक्षिणेकडील कोरडवाहू तालुक्यांत चित्र वेगळे होते. पाथर्डी परिसरातील अनेक कुटुंबे दरवर्षी ऊसतोडीसाठी कारखान्यांच्या पट्ट्यात जात. आधी स्वतःच्या बैलगाडीने, पुढे ट्रकमधून किंवा ट्रॅक्टरमागील ट्रेलरमधून, भांडीकुंडी व मुलेबाळे यांसह. ज्या उसाने एका भागात मोटारी आणल्या, तो तोडणारे दुसऱ्या भागातून दुसऱ्याच्या वाहनात बसून येत. १ जुलै १९८९ पासून लागू झालेल्या नोंदणीपद्धतीत जिल्ह्याला दोन क्रमांक मिळाले : एमएच-१६ अहमदनगरला व एमएच-१७ श्रीरामपूरला. एका जिल्ह्याचे हे दोन भाग त्यामुळे गाड्यांच्या पाट्यांवरही ओळखू येऊ लागले.

तीनचाकी व लुना : स्वस्त वाहनांच्या इतिहासात अहमदनगरच्या फिरोदिया कुटुंबाचे स्थान महत्त्वाचे आहे. कुंदनमल फिरोदिया हे येथील वकील व स्वातंत्र्यसैनिक १९४६–५२ या काळात मुंबई विधानसभेचे अध्यक्ष होते. त्यांचे पुत्र नवलमल (१९१०–९७) यांनी इटालियन बनावटीच्या मालवाहू तीनचाकीवरून प्रवासी ऑटोरिक्षा भारतात रूढ करण्यासाठी स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत प्रयत्न केले. माणसाने माणसाला ओढून नेण्याची प्रथा बंद व्हावी, हाही त्यामागील एक हेतू होता. १९५८ मध्ये जर्मनीतील टेंपो कंपनीच्या सहकार्याने ‘बजाज टेंपो’ (२००५ पासून ‘फोर्स मोटर्स’) ही कंपनी निघाली. ‘टेंपो’ हे त्या जर्मन कंपनीचे नाव मराठीत छोट्या मालवाहू गाडीचे सामान्यनाम होऊन बसले.

नवलमल यांचे बंधू हस्तीमल फिरोदिया यांच्या कायनेटिक एंजिनिअरिंग कंपनीने १९७२ मध्ये ‘लुना’ ही ५० घ.सेंमी. एंजिनाची मोपेड बाजारात आणली. कंपनीचा कारखाना अहमदनगर–दौंड रस्त्यावर उभा राहिला. लुनाला गिअर नव्हता. पायटे मारून ती सुरू करता येई व पेट्रोल संपल्यास सायकलीप्रमाणे ढकलत-मारत घरी नेता येई. वजनाने हलकी, बसण्यास बुटकी व पुढील बाजूने मोकळी असल्याने साडी नेसलेल्या स्त्रीलाही ती चालविता येई. शिक्षक, कारकून, परिचारिका, दूधवाले व छोटे दुकानदार यांना मालकीचे पहिले यांत्रिक वाहन मिळाले ते बहुधा याच रूपात. १९८८ च्या मोटारवाहन कायद्याने ५० घ.सेंमी. पर्यंतच्या विनागिअर दुचाकीचा परवाना सोळाव्या वर्षी मिळण्याची तरतूद केल्याने महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनाही अशी वाहने सोयीची झाली.

ज्या वर्षी लुना निघाली, त्याच वर्षी महाराष्ट्रात भीषण दुष्काळ पडला. १९७२–७३ मध्ये लाखो माणसे पुन्हा एकदा दुष्काळी कामांवर गेली व पुन्हा एकदा खडी फोडली गेली. या अनुभवातून दृढ झालेल्या रोजगार हमी योजनेखाली पुढील काळात खेडोपाडी रस्ते झाले. मागील शतकातील दुष्काळी मजुरांपेक्षा या मजुरांच्या मुलांचे दैव थोडे बरे ठरले. आईबापांनी बांधलेल्या रस्त्यावरून त्यांतील काहींना स्वतःची दुचाकी नेता आली.

१९८३ नंतरचा काळ : डिसेंबर १९८३ मध्ये मारुती मोटार बाजारात आली, १९८५ पासून कमी पेट्रोलात अधिक अंतर जाणाऱ्या शंभर घ.सेंमी. च्या मोटारसायकली मिळू लागल्या आणि १९९३ मध्ये मोटारगाड्यांच्या उत्पादनावरील परवान्याचे बंधन उठले. बँका व पतसंस्था यांची कर्जे सुलभ झाल्यावर मोटारसायकल हे शेतकरी कुटुंबाचे नित्याचे साधन बनले. दुधाच्या किटल्या, खताची गोणी, भाजीची पाटी व तीन माणसे असा भार तिच्यावर पडू लागला. जेथे एसटी पुरेशी नव्हती, तेथे ‘काळी-पिवळी’ जीपगाड्यांनी प्रवासी वाहतूक आपल्याकडे घेतली. गर्दी भरल्याशिवाय न सुटण्याची त्यांची रीत जुन्या सर्व्हिस मोटारींची आठवण करून देणारी होती. लुनाचे महत्त्व या नव्या मोटारसायकलींपुढे ओसरले. कायनेटिक समूहाने २००८ मध्ये आपला दुचाकी व्यवसाय महिंद्र समूहास विकला.

वाहनांबरोबर धोकेही वाढले. गळीत हंगामात रात्रीच्या वेळी, मागे दिवा वा परावर्तक नसलेल्या उसाच्या ट्रेलरवर दुचाकी आदळून होणारे अपघात हे साखरपट्ट्यातील एक कायमचे दुखणे आहे. शिर्डी येथील यात्रेकरूंच्या वाहनांचा ताणही जिल्ह्यातील महामार्गांवर पडतो. नागपूर–शिर्डी हा समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला; मात्र दुचाकी व तीनचाकी वाहनांना त्यावर प्रवेश नाही. जिल्ह्यातील बहुसंख्य वाहनमालकांची वाहने याच दोन प्रकारांत मोडतात, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

अलीकडील स्थिती : १ जून २०२२ रोजी एसटीची ‘शिवाई’ ही विद्युत् बस पहिल्या बसच्या त्याच पुणे–अहमदनगर मार्गावर सुरू करण्यात आली. फेब्रुवारी २०२४ मध्ये हस्तीमल फिरोदिया यांची नात सुलज्जा फिरोदिया मोटवानी यांच्या कंपनीने ‘ई-लुना’ बाजारात आणली व तिच्या सांगाड्यांची निर्मिती अहमदनगर येथील कारखान्यात सुरू झाली. अशा रीतीने जिल्ह्याशी निगडित असलेली दोन जुनी वाहने, एक सर्वांची व एक स्वतःची, विजेवर पुन्हा अवतरली आहेत.

खाजगी मालकीच्या वाढीमुळे एसटीचे महत्त्व संपले, असे मात्र म्हणता येत नाही. ऑक्टोबर २०२१ ते एप्रिल २०२२ या काळातील कर्मचाऱ्यांच्या दीर्घ संपात ज्या घरी वाहन नव्हते किंवा ज्या घरचे एकमेव वाहन पुरुषाकडे होते, तेथील विद्यार्थिनी, वृद्ध व रुग्ण यांना याची तीव्र जाणीव झाली. मार्च २०२३ पासून स्त्रियांना एसटी भाड्यात निम्मी सवलत मिळू लागली. जिल्ह्यातील मोटारवाहनांच्या प्रगतीचे मोजमाप केवळ नोंदलेल्या गाड्यांच्या संख्येवरून करणे म्हणूनच अपुरे ठरते. मुक्कामाची गाडी आजही कोणत्या गावी पोहोचते व कोणत्या गावी बंद पडली, हाही त्या मोजमापाचा तितकाच महत्त्वाचा भाग होय.