कॅपिलॅरिया हेपॅटिका

कॅपिलॅरिया हेपॅटिका हा उंदीर, घुशी व इतर सस्तन प्राण्यांच्या यकृतात राहणारा केसासारखा बारीक परजीवी सूत्रकृमी आहे. कॅलोडियम हेपॅटिकम या नावानेही तो ओळखला जातो. त्याच्या संसर्गाला यकृताचा कॅपिलॅरिया रोग म्हणतात. हा कृमी जगभर आढळतो. माणसात हा रोग अत्यंत दुर्मीळ असला, तरी लहान मुलांत तो प्राणघातक ठरू शकतो. गुरे व शेळ्या-मेंढ्यांच्या यकृतातील चपटा पर्णकृमी (फॅसिओला) याहून वेगळा आहे.

शोध व वर्गीकरण

थॉमस बँक्रॉफ्ट यांनी १८९३ मध्ये ऑस्ट्रेलियात उंदराच्या यकृतातील या कृमीचे वर्णन केले. माणसाच्या आतड्यात राहणारा चाबूककृमी त्याचा नातलग असून दोघांच्या अंड्यांत बरेच साम्य आहे. अंडे लांबट असते व त्याच्या दोन्ही टोकांना बुचासारखे झाकण असते. त्याचे कवच दुहेरी व रेघांकित असते.

जीवनचक्र

बहुतेक आतड्यांतील कृमींची अंडी विष्ठेवाटे बाहेर पडतात. या कृमीची मादी मात्र यकृताच्या ऊतीतच अंडी घालते आणि ती तेथेच अडकून पडतात. पोषक प्राणी जिवंत असेपर्यंत त्यांची वाढ होत नाही व त्यांना बाहेर पडण्याचा मार्गही नसतो. ती दोन प्रकारे मोकळी होतात:

१. मेलेल्या प्राण्याचे शरीर कुजते आणि अंडी मातीत मिसळतात.
२. मांजर, कुत्रा किंवा दुसरा उंदीर ते यकृत खातो आणि अंडी त्याच्या विष्ठेवाटे मातीत पडतात.

ऊब, ओलावा व प्राणवायू मिळाल्यास मातीत काही आठवड्यांनी अंड्यात अळी तयार होते. असे अंडे अन्न, पाणी किंवा मातीतून पोटात गेल्यास अळी आतड्यात बाहेर पडते, आतड्याची भिंत भेदते आणि रक्तावाटे यकृतात पोहोचते. तेथे सुमारे चार आठवड्यांत तिचा प्रौढ कृमी होतो. प्रौढ कृमी लवकर मरतात. मागे राहिलेल्या अंड्यांभोवती दाह होऊन तंतुमय ऊती वाढतात.

प्राण्यांतील संसर्ग

उंदीर व घुशी हे मुख्य पोषक होत. त्यांच्या यकृतावर पिवळसर-पांढरे ठिपके व पट्टे दिसतात. तरीही अनेक उंदीर बाह्यतः निरोगी वाटतात. कुत्री, मांजरे, डुकरे, ससे व माकडे यांतही संसर्गाच्या नोंदी आहेत. ऑस्ट्रेलियात शेतांतील उंदरांची संख्या घटवण्यासाठी या कृमीचा वापर करून पाहण्यात आला. परंतु त्याचा टिकाऊ परिणाम दिसला नाही.

मानवातील संसर्ग

माणसातील पहिली नोंद १९२४ मध्ये प्रसिद्ध झाली. ती भारतात मृत्यू पावलेल्या एका ब्रिटिश सैनिकाची होती. २००७ मध्ये 'इंडियन पेडिअ‍ॅट्रिक्स' या नियतकालिकात मुंबईतील डॉक्टरांनी एका बालरुग्णाची नोंद दिली. जगभरात सिद्ध झालेल्या रुग्णांची संख्या फारच थोडी आहे.

दीर्घकाळ टिकणारा ताप, यकृताची वाढ आणि रक्तात इओसिनोफिल पेशींची मोठी वाढ ही तीन प्रमुख लक्षणे होत. माती तोंडात घालण्याची सवय असलेल्या लहान मुलांना धोका अधिक असतो.

निदान व उपचार

खऱ्या संसर्गात रुग्णाच्या विष्ठेत अंडी सापडत नाहीत. ती सापडली, तर बहुधा त्या व्यक्तीने संसर्गित प्राण्याचे यकृत खाल्लेले असते आणि अंडी पचनमार्गातून जशीच्या तशी बाहेर पडलेली असतात. याला आभासी संसर्ग म्हणतात. त्याने आजार होत नाही. म्हणून विष्ठा तपासणीत काही न आढळल्याने हा रोग नाही असे ठरत नाही. खात्रीचे निदान यकृताच्या बायॉप्सीने होते. उपचारात अल्बेंडाझोलसारखी कृमिनाशके व दाह कमी करण्यासाठी स्टेरॉइड औषधे देतात.

मुंबई उपनगरांतील संदर्भ

अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवली या दाट वस्तीच्या भागांत काळा उंदीर, घरातील लहान उंदीर व घूस माणसाच्या निकट राहतात. महानगरपालिकेचा कीटकनाशक विभाग मूषक नियंत्रण करतो. त्याचे कर्मचारी रात्री काठी व विजेरी घेऊन उंदीर मारतात. उंदरांमुळे होणारा येथील परिचित आजार लेप्टोस्पायरोसिस हा आहे. तो उंदरांच्या मूत्राने दूषित पाण्यातून पसरतो व पावसाळ्यात वाढतो. कॅपिलॅरियाचा प्रसार मात्र मेलेल्या उंदरापासून सुरू होतो. त्यामुळे पिंजऱ्यात किंवा विषाने मेलेला उंदीर रस्त्यावर अथवा गटाराकाठी फेकण्याची सवय या कृमीला साहाय्यक ठरते. भटकी कुत्री व मांजरे तो खातात, किंवा तो तेथेच कुजतो. दोन्ही प्रकारे अंडी मातीत पोहोचू शकतात. बोरिवली व मुलुंडला लागून असलेल्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातील उंदीर खाणारे वन्य प्राणीही असेच वाहक ठरू शकतात.

प्रतिबंध

- मेलेला उंदीर उघड्या हाताने न उचलता हातमोजे किंवा पिशवी वापरून उचलावा व बंद पिशवीतून कचरा यंत्रणेकडे द्यावा. उथळ पुरल्यास अंडी मातीतच राहतात.
- मुलांना माती तोंडात घालू देऊ नये; खेळून आल्यावर साबणाने हात धुवावेत, नखे कापावीत.
- भाज्या व फळे वाहत्या पाण्यात धुवावीत.
- कुत्र्या-मांजरांना कच्चे यकृत देऊ नये.
- ओला कचरा झाकून ठेवावा व बिळे बुजवावीत.