आठ पिंट पाणी

जानेवारी 1935. लंडनच्या पश्चिमेला स्लाउ, तिथलं रेडिओ संशोधन केंद्र. अर्नोल्ड विल्किन्स नावाच्या 27 वर्षांच्या शास्त्रज्ञाच्या मागे तुम्ही उभे आहात. कोटाच्या खिशातला मोबाईल तेवढा बाहेर काढू नका. तो बापडा टॉवर शोधतोय, आणि त्याला हवा तसला टॉवर जगात उभा राहायला अजून कैक दशकं आहेत.

विल्किन्सच्या हातात कॅलेंडरचं फाडलेलं पान आहे. मागच्या कोऱ्या बाजूला केंद्रप्रमुख रॉबर्ट वॉटसन-वॅट यांनी एक हिशेब मागितलाय. पाच किलोमीटर अंतरावर, एक किलोमीटर उंचीवर आठ पिंट पाणी आहे असं धरा. ते 98 अंश फॅरनहाइटवरून 105 वर न्यायचं तर किती ताकदीच्या रेडिओलहरी सोडाव्या लागतील?

आठ पिंट म्हणजे साडेचार लिटर. माणसाच्या अंगात रक्त साधारण तेवढंच, आणि 98 म्हणजे अंगाची रोजची ऊब. विल्किन्स हुशार आहे, त्याला लगेच कळतं. कुणाला तरी विमानातल्या वैमानिकाला ताप आणून मारायचंय.

ही कुणा माथेफिरूची कल्पना नाही, प्रश्न हवाई मंत्रालयातून आलाय. बॉम्बफेकी विमान कसंही करून पोचतंच, असं ब्रिटिश नेते बाल्डविन यांनी 1932 साली पार्लमेंटात सांगून टाकलेलं आहे. जर्मनीत हिटलर आलाय. आणि वर्तमानपत्रांत दहा वर्षांपासून ‘मृत्युकिरण’ गाजतोय. 1924 मध्ये ग्रिंडेल मॅथ्यूज नावाच्या संशोधकाने किरणाने मोटारसायकलचं इंजिन बंद पाडल्याचं दाखवलं होतं. मंत्रालय म्हणालं, आमच्या अटींवर पुन्हा करून दाखवा, हजार पौंड देतो. साहेब फ्रान्सला निघून गेले. मंत्रालयाने आणखी एक बक्षीस ठेवलं होतं म्हणतात. शंभर यार्डांवरची मेंढी किरणाने मारून दाखवणाऱ्याला हजार पौंड. ते न्यायलाही कुणी आलं नाही.

विल्किन्स आकडे मांडतोय तोवर तुम्ही तुमच्या शाळेतल्या विज्ञानावर हाच हिशेब करून बघा. साडेचार लिटर पाणी सात अंश फॅरनहाइटने तापवायला सुमारे 74 हजार ज्यूल लागतात. दहा मिनिटं मुदत द्या. मांस, हाडं तापवायचा खर्च सोडून द्या, आणि अंगावर पडलेली लहर पूर्ण शोषली जाते असंही उदारपणे धरा. लहर चहूकडे सारखी पसरते, त्यामुळे पाच किलोमीटरवर एका माणसाच्या वाट्याला तिचा अगदी कणभर भाग येतो. उत्तर येतं साडेपाच हजार कोटी वॅटच्या वर. कोयनेसारखे 28-29 जलविद्युत प्रकल्प एका वैमानिकामागे लावावे लागतील. अँटेना वापरून लहर एका दिशेला वळवली तर आकडा बराच उतरेल, पण वैमानिकानेही दहा मिनिटं एका जागी थांबायला हवं, आणि धातूच्या आवरणाबाहेर बसायला हवं.

विल्किन्सही त्याच्या वाटेने याच निष्कर्षाला येतो: जमणार नाही. मग वॉटसन-वॅट विचारतात, मारता येत नसेल तर दुसरं काही करता येईल का? विल्किन्सला पोस्ट खात्यातल्या अभियंत्यांची एक तक्रार आठवते. जवळून विमान गेलं की त्यांच्या यंत्रावरचा आवाज थरथरायचा. म्हणजे विमानावर आपटून लहर परत येते. तापवायला अगदीच अपुरी, पण ‘इथे कुणीतरी आहे’ एवढं सांगायला पुरेशी.

माझ्या मते रेडिओलहरींचा पुढचा सगळा इतिहास या एका वळणावर ठरला. ही लहर मारत नाही, चुगली करते. लोक मात्र मारण्यालाच भीत राहिले.

26 फेब्रुवारी 1935, सकाळ. नॉर्दम्प्टनशरमधल्या वीडन गावाजवळचं शेत. फेब्रुवारीची थंडी आहे, बूट चिखलात रुततायत. एक मॉरिस व्हॅन उभी आहे, जमिनीत रोवलेल्या खांबांवर तारा ताणल्या आहेत. आत वॉटसन-वॅट, विल्किन्स आणि हवाई मंत्रालयाचे ए. पी. रो दाटीवाटीने बसलेत. वॉटसन-वॅट नात्यातल्या एका मुलाला मोटारीतून बरोबर घेऊन आले होते. प्रयोग गुप्त, म्हणून त्याला अलीकडेच उतरवलंय. तुमच्यासाठी तिथे उभं राहणं जास्त सुरक्षित होतं, पण मग काही दिसलं नसतं. आत या. कोपर सांभाळा.

नवं प्रक्षेपण यंत्र त्यांच्याकडे नाही. बनवायला वेळही नाही. काही मैलांवर डॅव्हेंट्रीला बीबीसीचं लघुलहरींचं केंद्र आहे, साम्राज्यभर कार्यक्रम ऐकवणारं. त्याची 49 मीटरची लहर उसनी घेतली आहे, शक्ती 10 किलोवॅट. मघाच्या तुमच्या उत्तरापुढे हा आकडा ठेवा. 49 मीटर हा योगायोगही फार बरा. बॉम्बफेकी विमानाचे पंख टोकापासून टोकापर्यंत पंचवीस मीटरांच्या आसपास, म्हणजे जवळपास अर्धी लहर. तेवढ्या लांबीचं धातूचं अंग आपण होऊन अँटेनासारखं वागतं.

व्हॅनमधल्या कॅथोड-किरण नळीच्या काचेवर एक हिरवी रेघ आहे. डॅव्हेंट्रीहून थेट येणारी लहर दोन अँटेनांत एकमेकींविरुद्ध लावून तिचा जोर जवळजवळ मोडून काढलाय. रेघ आखडून बसली आहे. आता बाहेरून काही आलं, तरच ती हलेल.

फार्नबरोहून निघालेलं हेफर्ड विमान येतं. दुपंखी, बोजड, धड वरच्या पंखाला टांगल्यासारखं. चालवणारा रॉबर्ट ब्लूक, त्याला या फेऱ्या कशासाठी ते माहीत नाही. पहिल्या खेपेला तो बाजूने निघून जातो, काचेवर विशेष काही नाही. व्हॅनमध्ये कुणी बोलत नाही. पुढच्या खेपेला इंजिनांची घरघर जवळ येते आणि रेघ लांबते. आखडते. परत लांबते. थेट आलेली लहर आणि विमानावरून आपटून आलेली लहर एकमेकींत मिसळतायत, म्हणून हा हेलकावा. विमान दिसेनासं होतं तरी रेघ हलते आहे. ते आठ मैलांवर जाईपर्यंत ती हलत राहते.

विमानातल्या ब्लूकला काही झालेलं नाही. त्याचं रक्त अंशाच्या अंशानेही तापलेलं नाही. तो फक्त दिसलाय.

सगळे इतके हरखून जातात की वॉटसन-वॅट मोटार घेऊन निघतात आणि तो मुलगा वाटेवर राहिलाय हे त्यांना उशिरा आठवतं. शेजारी तुम्ही बसलेले असलात तरी गप्प राहा. इतिहासात ढवळाढवळ नको. हवाई मंत्रालयाचे डाउडिंग यांनी प्रत्यक्ष प्रयोग झाल्याशिवाय पैसे देणार नाही असं बजावलं होतं; त्यांचे 10,000 पौंड आता सुटतात.

पुढे तीन वर्षं. 1938, इंग्लंडातलं कुठलंही चहाचं टेबल. जर्मनीत फिरून आलेल्या एका कुटुंबाची गोष्ट चाललीय. रस्त्यात त्यांची गाडी अचानक बंद पडली. झाडीतून पहारेकरी आला, म्हणाला, थोड्या वेळाने चालू होईल. आणि झालीही! जर्मनांनी इंजिन थांबवणारा किरण शोधलाय, दुसरं काय?

हवाई गुप्तवार्तेत पुढे नाव कमावलेले आर. व्ही. जोन्स यांनी या गोष्टीचा माग काढला. त्यांच्या आठवणींतला उलगडा असा. हार्ट्‌झ पर्वतातल्या ब्रॉकेनसारख्या उंच जागी दूरचित्रवाणीचे मनोरे उभारायचे होते. जागा ठरवण्यासाठी सिग्नलची मोजमापं चालली होती आणि गाड्यांच्या स्पार्क प्लगमुळे त्यात खरखर येत होती. म्हणून पहारेकरी गाड्या अडवून इंजिनं बंद करायला सांगत, मोजणी संपली की सोडून देत. गाड्या लहरींना त्रास देत होत्या. सांगोवांगी होता होता लहरी गाड्यांना त्रास देऊ लागल्या.

गंमत इथे संपत नाही. जोन्स आणि मंडळींनी तीच अफवा इंग्लंडात मुद्दाम सोडून दिली. फिरून ती परत त्यांच्याच कानावर आली, तेव्हा गाडी बंद पडली होती सॉल्सबरीच्या माळावर आणि आत होतं क्वेकर या ख्रिस्ती पंथाचं एक कुटुंब. क्वेकर लोक खोटं बोलत नाहीत, म्हणून गोष्ट खरीच! व्हॉट्सअॅपवरचं ‘माझ्या ओळखीच्या डॉक्टरांनी स्वतः सांगितलंय’ तुम्हाला आठवलं ना?

1940 मध्ये फार रेंगाळू नका, बॉम्ब पडतायत. वीडनच्या शेतातली ती युक्ती आता रडार झाली आहे, तिचे मनोरे उभे आहेत. 18 ऑगस्टला दक्षिण इंग्लंडातल्या पोलिंगच्या रडार केंद्रावर अॅव्हिस हर्न ही तरुणी हल्ला चालू असतानाही टेलिफोन सोडत नाही, विमानांच्या जागा कळवत राहते. तिला मिलिटरी मेडल मिळालं. मनोऱ्याने एकही विमान पाडलं नाही. त्याने सांगितलं, तिने पुढे सांगितलं, आणि लढाऊ विमानं योग्य जागी पोचली. नोव्हेंबरपासून विमानात बसवलेल्या रडारमुळे कनिंगहॅमसारखे वैमानिक काळोखात शत्रू टिपू लागतात. लोकांना कारण सांगितलं जातं, गाजरं खाऊन त्यांची नजर तीक्ष्ण झाली. तेही लोकांनी मानलं.

लहर तापवू शकते, हे मात्र खोटं नाही. रडारसाठी बनवलेल्या मॅग्नेट्रॉन या सूक्ष्मलहरी निर्माण करणाऱ्या नळीपाशी काम करताना 1945 मध्ये अमेरिकेत पर्सी स्पेन्सर यांच्या खिशातलं चॉकलेट वितळलं आणि त्यातून मायक्रोवेव्ह ओव्हन आला. प्रश्न अंतराचा आणि वॅटचा असतो. यंत्राच्या तोंडाशी उभं राहाल तर भाजाल.

आता मॉस्को. ऑगस्ट 1945. अमेरिकन राजदूत हॅरिमन यांना सोव्हिएत मुलांनी लाकडात कोरलेलं अमेरिकेचं राजचिन्ह भेट दिलंय. सुंदर काम. राजदूत ते निवासस्थानी, अभ्यासिकेत लावतात. तुम्ही खुर्ची ओढून समोर बसा, कारण हे चिन्ह सात वर्षं इथून हलणार नाही. त्याच्या पोटात एक लहानशी धातूची पोकळी आहे, तिला पातळ पडदा आणि एक छोटी अँटेना. बॅटरी नाही, तार नाही, म्हणून झडतीत काही सापडत नाही. बाहेरून कुणी ठरावीक लहर तिच्यावर सोडली की ती जागी होते. बोलण्याने पडदा हलतो, आणि परत जाणाऱ्या लहरीवर खोलीतलं संभाषण स्वार होऊन जातं. रचना लेव्ह तेरेमिन यांची. हात न लावता वाजणारं वाद्य बनवणारे तेच. 1952 मध्ये हे बिंग फुटलं.

1953 पासून त्याच शहरात अमेरिकन वकिलातीवर सूक्ष्मलहरींचा झोत पडू लागला. कर्मचाऱ्यांना त्याची रीतसर कल्पना दिली गेली ती 1976 मध्ये. त्या दिवशी तुम्ही तिथल्या टंकलेखिकेच्या शेजारी बसा. तिचा राग रास्त आहे, वीसेक वर्षं हे तिच्या आधीच्यांपासूनही लपवलं गेलं. झोत मात्र दर चौरस सेंटिमीटरला काही मायक्रोवॅटचा, अमेरिकेच्या तेव्हाच्या मर्यादेपेक्षा शेकडो पटींनी कमी. 1978 मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी मॉस्कोतल्या सुमारे 1,800 कर्मचाऱ्यांची पूर्व युरोपातल्या इतर वकिलातींशी तुलना केली. झोतामुळे आजार झाल्याचा ठोस पुरावा मिळाला नाही. झोत कशासाठी होता? छुपे मायक्रोफोन जागे करायला, की अमेरिकनांची ऐकण्याची यंत्रं बुजवायला, यावर अजून वाद आहे. दोन्ही उत्तरांत मुद्दा कानांचा आहे.

आणि आता घरी. मे 2021, कोरोनाची दुसरी लाट. सोसायटीच्या ग्रुपवर संदेश येतो: ही लाट विषाणूची नाही, फाइव्ह-जीच्या चाचण्यांची आहे. भोवती माणसं जात आहेत, तेव्हा कारण हवंच असतं. त्यात हसण्यासारखं काही नाही. केंद्राच्या दूरसंचार विभागाने त्याच महिन्यात खुलासा केला की फाइव्ह-जीची चाचणी देशात कुठेच सुरू झालेली नाही. टॉवरच्या किरणोत्सर्जनाची मर्यादा भारताने 2012 मध्येच आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या दहाव्या हिश्शावर आणली होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2011 मध्ये रेडिओलहरींना ‘कदाचित कर्करोगकारक’ या गटात टाकलं. अभ्यास चालू आहेत, चालू राहावेत. पण गच्चीवरचा टॉवर तुम्हाला शिजवतोय असं कुणी म्हणालं, तर त्याला वॅट किती आणि अंतर किती, एवढंच विचारा.

मोबाईल आता खिशातून काढायला हरकत नाही, रेंज आली आहे. म्हणजे तुम्ही कुठे आहात हे टॉवरला कळलंय. कुठल्या क्रमांकावर, केव्हा, किती वेळ आणि कुठल्या टॉवरखालून बोललात याची नोंद कंपनीकडे होते. बातम्यांत ‘टॉवर लोकेशनवरून आरोपी सापडला’ वाचतो, ते यातूनच. या नोंदी एक वर्षाऐवजी किमान दोन वर्षं जपून ठेवाव्यात, असा बदल दूरसंचार विभागाने परवान्याच्या अटींत केला तोही 2021 मध्येच, डिसेंबरात.