भास्करबुवांची तबकडी

गुलमंडीवरच्या आमच्या जुन्या घरी आजोबांचा ग्रामोफोन होता. दिवाळीत अभ्यंगस्ने आटोपली, फराळाची ताटे मांडली, की आजोबा ‘स्वयंवर’ नाटकातल्या पदाची तबकडी लावीत. गाणारे बालगंधर्व, पण आजोबा म्हणत, “ऐका रे, भास्करबुवा गाताहेत!” मला वाटे, वयोमानाने आजोबांची नावांची गल्लत होत असावी.

भास्करबुवा बखल्यांचा जन्म १८६९ सालचा, बडोदे संस्थानातल्या कठोर गावचा. पोरवयात ते किर्लोस्कर मंडळीत गाणारे नट होते. पुढे आवाज फुटला, आणि ज्या गळ्यासाठी लाड झाले तोच मंडळीला नकोसा झाला. बुवा गाणे शिकायला बाहेर पडले. बडोद्याचे फैजमहंमदखाँ, मग आग्रा घराण्याचे नथ्थनखाँ, आणि स्वतः नामांकित गवई झाल्यावरही अल्लादियाखाँ! आपल्या घराण्याबाहेरचा सूर कानी पडू न देण्याचा तो काळ. त्यात असे पुन्हा पुन्हा शिष्य होणे सोपे नव्हे.

नाटकातले गाणे तोवर बरेच बदलले होते. १८८२ च्या ‘सौभद्रा’त साकी-दिंडीची गोडी होती, १९११ च्या ‘मानापमाना’त गोविंदराव टेंब्यांनी ठुमरी-कजरीचा रंग भरला. १९१६ साली गंधर्व मंडळीने ‘स्वयंवर’ बसवले, तेव्हा चाली देण्याचे काम बुवांकडे आले. त्यांनी मैफलीतला ख्यालच रंगभूमीवर आणला. खाडिलकरांची रुक्मिणी यमन, भीमपलास, बिहाग गाऊ लागली, आणि ज्यांना कोणी बैठकीला बोलावले नसते त्या पिटातल्या प्रेक्षकांच्या ओठी राग खेळू लागले. मला तर बुवांचे हे काम त्यांच्या साऱ्या मैफलींहून मोठे वाटते.

१९२२ मध्ये बुवा गेले. त्यांच्याच पिढीतल्या, युरोपातल्या मालरच्या सिंफनी कागदावर शाबूत आहेत. वाद्यवृंद जमवला की त्या पुन्हा उभ्या राहतात. बुवांच्या गाण्याची एकही तबकडी नाही. उरले ते शिष्यांच्या गळ्यांत: बालगंधर्व, मास्तर कृष्णराव, ताराबाई शिरोडकर. पुण्यात १९११ साली त्यांनी सुरू केलेला भारत गायन समाज मात्र अजून गाणे शिकवतो.

आजोबा गेले, ग्रामोफोन माळ्यावर गेला. परवा माझी मुलगी पेटीवर ‘स्वयंवरा’तले यमनातले पद बसवत होती. मी म्हणालो, “हे भास्करबुवांचे बरे का!”

ती हसून म्हणाली, “बाबा, पणजोबांच्या तबकडीवर तर बालगंधर्वांचे नाव आहे!”